रत्नदुर्ग ते उक्षी : जांभ्या दगडावरील एक दिवस

सहल म्हटली की आपल्याकडे प्रथम दोन गोष्टींची चौकशी होते. गाडी किती वाजता सुटणार आणि जेवणाची सोय कोठे केली आहे? या दोन्ही चौकशा अगदी योग्य आहेत. परंतु जुने किल्ले आणि प्राचीन अवशेष पाहावयास निघालेल्या माणसाने तिसरीही एक गोष्ट विचारावयास हवी, आणि ती बहुधा कोणी विचारीत नाही. ती म्हणजे, बरोबर माहितगार कोण आहे? माहितगारावाचून किल्ला म्हणजे पडक्या भिंती, आणि प्राचीन चित्र म्हणजे उन्हात तापलेल्या खडकावरच्या चार रेघा. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर केवळ आपल्या सहलीचे यश अवलंबून नाही, तर जे पाहावयास आपण जातो ते आणखी पन्नास वर्षे टिकणार की नाही, हेही पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे. हे विधान प्रथमदर्शनी धाडसाचे वाटेल, म्हणून ते उदाहरणाने पटवून देण्याचा प्रयत्न करतो.

उदाहरण आपल्या रत्नागिरीचेच घेऊ. सकाळी मिरकरवाडा बंदरावरून निघावे, डोक्यावरचा रत्नदुर्ग पाहावा, दुपारी विसावा घ्यावा आणि उन्हे कलू लागली की उक्षी गावच्या सड्यावर जाऊन तेथील खोदचित्र पाहावे. एका दिवसात हे सर्व आरामात होते. किल्ला आहे काही शतकांचा. सड्यावरची चित्रे आहेत हजारो वर्षांपूर्वीची. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे तो पायाखालच्या दगडाचा. म्हणून सुरुवात दगडापासूनच करू.

जांभा

कोकणच्या माणसाला जांभ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. घराच्या भिंती, विहिरींचे कठडे, बागांचे गडगे, देवळांचे चौथरे, सारे या तांबड्या, भोके भोके असलेल्या चिऱ्याचेच. पण हा दगड झाला कसा, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दक्षिणेच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले व त्यांचा काळा कठीण दगड झाला. या काळ्या दगडावर उष्ण हवेत लक्षावधी वर्षे पाऊस पडत राहिला म्हणजे पाण्याबरोबर त्यातील सिलिकासारखी द्रव्ये विरघळून निघून जातात, आणि लोह व ॲल्युमिनियम यांचे संयुग मागे उरते. लोह गंजले की तांबडा रंग येतो, विरघळलेल्या भागाच्या जागी पोकळ्या राहतात. हाच जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 साली मलबारातील अशाच दगडाचे वर्णन करताना, लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे त्यावरून त्याला लॅटराइट असे नाव दिले. विटेवरून नाव देण्याचे कारण असे की, हा दगड जमिनीत असताना ओलसर व मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने विटेप्रमाणे कापता येतो. आणि एकदा उघड्या हवेत आला की हळूहळू टणक होत जातो.

डोंगरमाथ्यांवर या जांभ्याचे जे विस्तीर्ण सपाट माळ पसरले आहेत, त्यांस आपण सडा म्हणतो. सड्यावर मातीचा थर नाममात्र. पावसाळ्यात त्यावर गवत आणि चिमुकली फुले येतात, खळग्यांतून पाणी साठते; एरवी आठ महिने नुसता उघडा कातळ. बाहेरच्या माणसास तो ओसाड दिसतो, आणि सरकारी कागदांतही तो पडीक म्हणून लिहिला जातो. परंतु ज्याला काही कोरावयाचे आहे त्याला याहून मोठी आणि सपाट पाटी कोठे मिळणार? आणि ज्याला काही बांधावयाचे आहे त्याला हाताशी एवढा सोपा दगड दुसरा कोठला? किल्लेदाराने हा दगड कापून उभा रचला आणि तटबंदी केली. त्याच्या फार पूर्वीच्या अनाम माणसाने हाच दगड जागच्या जागी खोदला आणि चित्र काढले. आपल्या एका दिवसाच्या सहलीत आपण पाहणार आहोत ते एकाच दगडाचे हे दोन उपयोग.

बंदर आणि किल्ला

सहल मिरकरवाड्यापासून सुरू करावी असे मी म्हणतो, ते केवळ सोयीसाठी नव्हे. किल्ला का बांधला, हे किल्ल्यावरून जेवढे कळत नाही तेवढे खालच्या बंदरावरून कळते. पहाटे मच्छिमार नौका धक्क्याला लागतात, टोपल्या उतरतात, लिलावाचा गलबला सुरू होतो, बर्फाच्या लाद्या फुटू लागतात. अशा वेळी धक्क्यावर उभे राहून मान वर करून पाहावे. बंदराला पाठीशी घेऊन एक डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. त्याच्या उत्तरेस मिऱ्याचा उपसागर, दक्षिणेस मांडवीचा किनारा आणि त्यापलीकडे भाट्याजवळ समुद्राला मिळणारी काजळी नदी. म्हणजे दोन्ही बाजूंनी आत येणारे प्रत्येक गलबत या डोंगरावरून दिसलेच पाहिजे. ज्याच्या हातात हा डोंगर, त्याच्या हातात हे बंदर. याहून अधिक सोपे कारण किल्ल्याला द्यावे लागत नाही.

रत्नदुर्गाचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. तिन्ही बाजूंनी समुद्र, एका बाजूने जमीन. लांबी सुमारे 1300 मीटर, तर रुंदी सुमारे 1000 मीटर असे सांगतात; यावरून हे काम केवळ एका चौकीचे नव्हते हे ध्यानात येईल. याचे तीन भाग सहज वेगळे ओळखता येतात. एका टोकावर बालेकिल्ला, त्यात भगवती देवीचे मंदिर. म्हणूनच रत्नागिरीकर याला भगवतीचा किल्ला म्हणतात. दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. आणि तिसरा भाग पेठकिल्ल्याचा, जेथे आजही वस्ती आहे. पेठ हा शब्दच बोलका आहे. किल्ला म्हणजे केवळ सैनिकांचे ठाणे अशी आपली समजूत असते. परंतु जेथे शिबंदी राहते तेथे वाणी, लोहार, सुतार, खलाशी यांची घरे येतात आणि डोंगरावर एक लहानसे गावच उभे राहते. रायगड व पन्हाळा यांच्या मानाने रत्नदुर्गाची पेठ धाकटी खरी, पण जात तीच.

या किल्ल्याची बांधणी बहामनी काळातील मानली जाते. पुढे तो विजापूरच्या आदिलशहाकडे होता. 1670 च्या सुमारास शिवछत्रपतींनी तो स्वराज्यात आणला. त्यानंतर आंग्र्यांच्या आरमाराचा काळ आला. कान्होजी आंग्रे 1729 साली निवर्तले, आणि तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे व इंग्रज यांची 1755-56 मध्ये जी मोहीम झाली तिच्यानंतर या किनाऱ्यावरची आंग्र्यांची सत्ता ओसरली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. 1822 साली जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बाणकोटहून रत्नागिरीस आले, तेव्हापासून खालच्या गावाचे शहर होऊ लागले आणि वरच्या किल्ल्याचे महत्त्व कमी झाले. 1867 साली येथे दीपगृह उभारले गेले. पूर्वी जो डोंगर समुद्रावरून येणाऱ्यास धाक घालीत होता, तोच आता त्याला वाट दाखवू लागला. आजही रात्री घरी परतणाऱ्या तांडेलास ही ज्योत दिसली की बंदर जवळ आल्याची खूण पटते. किल्ल्याचा इतिहास संपला असे आपण म्हणतो, पण मिरकरवाड्याच्या दृष्टीने तो संपलेला नाही.

किल्ला चढताना तटाचे चिरे जवळून पाहावे. काही ठिकाणी त्यांवर शतकांच्या खाऱ्या वाऱ्याने खळगे पडले आहेत. पायथ्याशी भागेश्वराचे मंदिर लागते. ज्या भागोजीशेठ कीर यांनी 1931 साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभारून ते सर्व हिंदूंस खुले केले, त्यांच्याच औदार्याचे हे दुसरे स्थान. दीपगृह पाहावयाचे असेल तर त्याच्या ठरलेल्या वेळा अगोदर विचारून घ्याव्या.

ऐकलेले आणि ठाऊक असलेले

बालेकिल्ल्यावर गेल्यावर भुयाराची गोष्ट निघाल्याशिवाय राहत नाही. खाली समुद्राच्या बाजूस कड्यात गुहेसारखे मोठे तोंड दिसते, आणि किल्ल्यातून तेथपर्यंत भुयारी वाट होती असे सांगतात. येथे माहितगाराची खरी परीक्षा होते. वाईट वाटाड्या भुयार थेट पन्हाळ्यापर्यंत नेऊन सोडतो. त्याहून बरा वाटाड्या 'छे, सगळ्या थापा' म्हणून मोकळा होतो. चांगला वाटाड्या मात्र तीन गोष्टी तीन निराळ्या स्वरांत सांगतो : हे मी दाखवू शकतो, हे कागदोपत्री नोंदलेले आहे, आणि हे लोक सांगत आले आहेत.

या तिन्ही गोष्टींना आपापली किंमत आहे. लाटांच्या माऱ्याने कड्याच्या पायथ्याशी मऊ भाग झिजून गुहा होतात, हा निसर्गाचा नियम कोणासही डोळ्यांनी पाहता येतो. वेढा पडल्यास समुद्राकडे निसटण्याची चोरवाट ठेवणे ही दुर्गशास्त्रातील मान्य रीत. आणि गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, हीसुद्धा एक वस्तुस्थितीच आहे. ती गावाच्या मनाबद्दल काही सांगते. तिन्हींची भेसळ केली की मात्र हाती काहीच उरत नाही. सहलीस आलेल्या मुलाने घरी जाताना एवढा विवेक बरोबर नेला, तरी सहलीचे पैसे वसूल झाले असे मी समजेन. कारण दुपारनंतर आपण जेथे जाणार आहोत तेथे नोंदलेले असे काहीच नाही. ना शिलालेख, ना बखर, ना नाणे. तेथे केवळ पाहावयाचे आणि पाहिलेल्यावरून सावधपणे विचार करावयाचा.

सड्यावरची चित्रे

किल्ला सकाळी आणि सडा तिसऱ्या प्रहरी, असा क्रम ठेवण्यास कारण आहे. सड्यावरची चित्रे ही कातळात कोरलेल्या रेघांची आहेत. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला म्हणजे रेघेत सावली पडत नाही, आणि दोन हातांवर असलेले चित्रही दिसत नाही. तेच ऊन तिरपे झाले की खोबणीच्या एका काठाची सावली दुसऱ्या काठाकडे सरकते आणि मघापर्यंत सपाट दिसणाऱ्या खडकातून प्राणी उठून उभा राहतो. म्हणून सकाळी नवाच्या आत किंवा दुपारी चारनंतर, या वेळा उत्तम. पावसाळ्यात सड्यावर शेवाळ आणि गवत असते, चित्रे झाकली जातात व पायही घसरतो. पाऊस सरल्यानंतरचे महिने सोयीचे.

रत्नागिरीहून हातखंब्यास महामार्ग गाठून निवळीच्या बाजूस जावे आणि पुढे गावरस्त्याने उक्षी गाठावी. कोकण रेल्वेचे स्थानकही या गावी आहे. उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आहे, हे पुष्कळांनी प्रवासात अनुभवले असेल. म्हणजे ज्या डोंगराच्या पोटातून आपण झपाट्याने निघून जातो, तशाच एका डोंगराच्या माथ्यावर हे चित्र आहे.

उक्षीच्या कातळावर हत्ती कोरलेला आहे, आणि तोही प्रत्यक्ष हत्तीहून मोठा. एवढ्या आकाराचे चित्र जमिनीवर उभे राहून एका दृष्टीत येत नाही. म्हणून तेथे उंचावरून पाहण्याची सोय केलेली आहे. ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन चित्राभोवती जांभ्याचाच गडगा घातला आहे. या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पुढे तिचा उल्लेख करावयाचा आहे.

उक्षी हे एक ठिकाण झाले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीच्या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून, अशा ठिकाणांचा शोध चालविला, आणि आज सत्तराहून अधिक गावांच्या हद्दीत हजारावर आकृती ठाऊक झाल्या आहेत. राजापूर तालुक्यात कशेळी येथे सुमारे 18 मीटर लांबीची एका हत्तीची आकृती असून तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांची चित्रे भरलेली आहेत. रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण ही आणखी नावे. या सात ठिकाणांसह सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ अशी नऊ स्थळे 2022 साली जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत घेतली गेली. तात्पुरती यादी म्हणजे अंतिम मान्यता नव्हे. तो दरवाजाबाहेरचा ओटा आहे. पण ओट्यावर बसावयास मिळाले हेही थोडे नाही.

या चित्रांतून वाघ, हत्ती, डुक्कर, हरणे, मोर, कासवे आहेत, मनुष्याकृती आहेत, चौकोनी चौकटीत भरलेली आणि अद्याप न उलगडलेली नक्षीही आहे. आणि मासे आहेत. शार्क म्हणजे आपली मुशी आणि पाकट हे मासे खडकावर कोरलेले पाहिले की, ते ओळखावयास पुस्तकाची गरज पडत नाही. मिरकरवाड्याचा कोणीही तांडेल पाकटाची शेपटी पाहून त्याचे नाव सांगेल. विद्वानाचे ज्ञान आणि दर्यावर्द्याचे ज्ञान जेथे एकमेकांस उपयोगी पडते, अशी ही थोड्या जागांपैकी एक जागा आहे.

काळ कसा ठरवावा

ही चित्रे किती जुनी, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. दगडावरच्या रेघेचे वय सांगणे कठीण. लाकूड किंवा कोळसा असेल तर त्याची तपासणी करून वर्षे काढता येतात. दगड कोरताना निघालेला चुरा पहिल्याच पावसात वाहून गेलेला असतो. मग अभ्यासक आडवाटेने जातात. चित्रांत काय आहे आणि काय नाही, हे ते पाहतात. प्राणी भरपूर आहेत, मासे आहेत. पण नांगर नाही, पेरणी नाही, जोत जुंपलेले बैल नाहीत. यावरून शेती येण्यापूर्वीच्या, शिकार आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या लोकांकडे बोट जाते. अशाच लोकांची बारीक दगडी हत्यारे कोकणात सापडलेली आहेत. जागतिक वारशासाठी पाठविलेल्या माहितीत या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंत पसरलेला धरला आहे; सर्वांत जुन्यांचे वय दहा-बारा हजार वर्षे असावे असा अंदाज मांडला जातो.

आणखी एक पुरावा मौजेचा आहे. या चित्रांत एकशिंगी गेंडा दिसतो. कोकणात आज गेंडा नाही, आणि कोणाच्या आजोबा-पणजोबांनी पाहिल्याची आठवणही नाही. ज्याने तो कोरला त्याने तो पाहिला असावा, किंवा पाहणाऱ्याकडून ऐकला असावा. हे अशक्य नाही. गुजरातेत लांघणज येथील मध्याश्मयुगीन वसाहतीच्या उत्खननात गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले आहे, आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा आहे. म्हणजे पश्चिम भारताचे हवामान व रान एके काळी निराळे होते, याची साक्ष सड्यावरचे चित्र देते.

समुद्राचेही तसेच. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगातील पुष्कळ पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. त्यावेळी मिरकरवाड्यापुढे लाटा नव्हत्या. किनारा कित्येक मैल पश्चिमेस होता, आणि जेथे आज जाळी पडतात तेथे माणसे चालत होती. पुढे बर्फ वितळले, पाणी चढत आले आणि सुमारे 7,000 वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीजवळ स्थिरावले. सकाळी किल्ल्यावरून पाहिलेला देखावा तिसऱ्या प्रहरी असा डोळ्यांसमोरून मागे सरकतो, हा या दोन ठिकाणांस एकाच दिवशी जाण्याचा मोठा लाभ.

अशी चित्रे जगात अन्यत्र नाहीत असे नाही. पेरू देशातील नाझ्का येथे वाळवंटातील वरचे काळपट दगड बाजूला सारून खालच्या फिकट जमिनीच्या प्रचंड आकृती काढलेल्या आहेत. आपल्या देशात विष्णु श्रीधर वाकणकर यांनी 1957 साली भीमबेटका येथील रंगीत शैलचित्रे उजेडात आणली. परंतु नाझ्का येथे कोरडे वाळवंट चित्रे राखते आणि भीमबेटका येथे डोंगराचे छप्पर. आमच्या सड्यावर मात्र दरवर्षी शंभर-दीडशे इंच पाऊस उघड्यावर कोसळतो आणि त्यातूनही ही चित्रे राहिली आहेत. जांभा हवेत टणक होतो, या गुणाचा त्यात वाटा आहे.

धोका कोठून आहे

हजारो पावसाळे सोसलेल्या या चित्रांना धोका आहे तो माणसाच्या गेल्या काही दशकांतील उद्योगांचा. सड्याची जमीन बहुतेक ठिकाणी खाजगी मालकीची आहे. तिच्यात भात पिकत नाही. मालकाला तिच्यापासून उत्पन्न हवे असेल तर मार्ग थोडे : कातळ फोडून माती भरून आंब्याची कलमे लावावी, प्लॉट पाडून विकावी, अथवा चिरेखाण काढावी. यंत्राने चिरे कापावयास लागल्यापासून जे काम पूर्वी महिन्यांनी होई ते दिवसांत होते. खाणीचे यंत्र फिरले की चित्र तुटलेसुद्धा म्हणता येत नाही. ते चिऱ्याचिऱ्यांनी विकले जाऊन कोणाच्या तरी भिंतीत बसते. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या निमित्ताने 2023 साली जो वाद झाला, त्यात तेथील चित्रांचाही प्रश्न निघाला होता. त्या वादातील बाजू घेणे हा आजचा विषय नाही. एवढे खरे की, जागेवरून हलविता येत नाही असा हा वारसा आहे. मूर्ती संग्रहालयात नेता येते, ताम्रपट तिजोरीत ठेवता येतो. सडा कोठे नेणार?

शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरी मुलीचे लग्न आहे आणि ज्याच्याजवळ नुसता कातळ आहे, त्याला 'हा जगाचा ठेवा आहे, हात लावू नकोस' एवढेच सांगणे म्हणजे जगाचे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणे होय. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा 1958 पासून आहे. कायदा हवाच. पण शेकडो सड्यांवर रात्रंदिवस पहारा ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. पहारा गावाचाच हवा, आणि गाव पहारा तेव्हा ठेवील जेव्हा चित्र असण्याने गावाला काही मिळेल.

उक्षीच्या गडग्याकडे लक्ष वेधले होते ते याकरिता. तेथे गावाने चित्राला आपले मानले. देवीहसोळ येथे निराळ्या रीतीने तेच घडले आहे; तेथील खोदचित्र आर्यादुर्गेच्या देवस्थानाशी जोडलेले असल्यामुळे लोक त्याला श्रद्धेने जपतात. एकीकडे श्रद्धेने राखण झाली, दुसरीकडे गावाच्या अभिमानाने. जेथे या दोहोंपैकी काहीच नाही तेथे तिसरा मार्ग राहतो, आणि तो आपल्या हाती आहे : सहलीला जाणाऱ्यांनी गावातील माहितगारास बरोबर घ्यावे आणि त्याच्या श्रमाचे योग्य पैसे द्यावे. त्याच गावात जेवावे, तेथेच सरबत व आंबापोळी घ्यावी. महिन्यातून चार गट आले तरी गावच्या एका मुलास उद्योग मिळतो. आणि ज्या मुलाचा उद्योग त्या चित्रावर चालतो तो खाणीचे यंत्र सड्यावर चढताना गप्प बसणार नाही. आरंभी जे धाडसी विधान केले, त्याचा अर्थ हा.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. गट पंधरा-वीस माणसांचा असावा. त्याहून मोठा झाला तर मागच्यांस ऐकू येत नाही आणि ते इकडेतिकडे फिरू लागतात. पहाटे सहाला मिरकरवाड्यावर जमावे, धक्क्यावर अर्धा तास घालवावा, परंतु लिलावाच्या वाटेत उभे राहू नये. ते माणसांचे पोटाचे काम आहे. सावकाश चढले तरी तासाभरात किल्ला गाठता येतो. दहाच्या सुमारास उतरावे. किल्ल्यावर कड्याच्या टोकास जाऊ नये, विशेषतः मुलांनी. जांभ्याचा काठ खालून पोखरलेला असतो आणि वरून तसे दिसत नाही. दुपारी सावलीत विश्रांती घेऊन तीनच्या सुमारास उक्षीकडे निघावे. सड्यावर सावली नसते. टोपी आणि दर माणशी दोन तांबे पाणी अवश्य न्यावे.

चित्रापाशी गेल्यावर पादत्राणे घालून किंवा न घालताही रेघांवर चालू नये. पुष्कळ लोक छायाचित्र उठून दिसावे म्हणून रेघांत खडू, चुना किंवा रांगोळी भरतात. हे सर्वांत वाईट. रांगोळी भरणाऱ्याने जी रेघ पाहिली तीच पुढच्या सर्वांना दिसते, आणि त्याने चुकून जी सोडली ती कायमची हरवते. शिवाय चुन्याने दगडावरचे जुने कवच बिघडते. ऊन तिरपे होईपर्यंत थांबण्याचा धीर ज्याच्यापाशी आहे त्याला खडूची गरज नाही. नवीन आकृती कोणास आढळली तर ती मोकळी करण्याच्या खटपटीत न पडता गावात आणि अभ्यासकांस कळवावे.

आणि माहितगारास प्रश्न विचारावे. भुयार खरे का? हा हत्ती कशावरून? हे तुम्ही पाहिले की ऐकले? असे विचारणारे श्रोते मिळाले की वाटाड्याही सावध होतो, वाचू लागतो, पुढच्या खेपेस अधिक नेमके सांगतो. वक्ता श्रोत्यांमुळे सुधारतो, हा व्याख्यानमालेचा अनुभव सड्यावरही खरा आहे.

रत्नागिरी शहरातील शाळांनी, वाचनालयांनी आणि मंडळांनी दरवर्षी अशी एक तरी सहल काढावी, आणि मिरकरवाड्याच्या एखाद्या जुन्या तांडेलास सन्मानाने बरोबर न्यावे, एवढी माझी सूचना आहे. तट बांधणाऱ्यांची नावे इतिहासाने थोडीफार राखली. हत्ती कोरणाऱ्याचे नाव राखावयास कोणी नव्हते. त्याने केलेली रेघ मात्र अजून आहे. तिच्यावरून यंत्र फिरणार की तिच्याभोवती गडगा उभा राहणार, हे आपल्या या पिढीतच ठरावयाचे आहे.